पुसलेले गोंदण : छायाचित्र-संपादनाची किमया आणि मर्यादा

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जा, ओसरीत पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर हार घातलेला एखादा फोटो दिसतो. तो घरातील दिवंगत वडीलधाऱ्या माणसाचा असतो. पुष्कळदा तो मुद्दाम काढलेला नसतो. निवडणूक ओळखपत्रावरचा किंवा बँकेच्या पासबुकावरचा बोटभर चेहरा, नाहीतर लग्नातील समूहचित्रात मागच्या रांगेत उभे असलेले माणूस, हेच त्याचे मूळ असते. एवढ्याशा चेहऱ्यातून हातभर उंचीचा, कोटटोपीतला किंवा शालूतला फोटो कसा तयार होतो, आणि या खटाटोपात आपल्याला काय मिळते व काय हरवते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

फोटोत फेरफार करणे ही संगणकाची देणगी आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि १८५७ साली रेजलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र तयार केले. आपला हिंगोलीचा प्रदेश ज्या निजामी राज्यात होता, तेथे राजा दीनदयाळ हे नामांकित दरबारी छायाचित्रकार होऊन गेले. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता. त्या काळी आपल्या देशात फोटोवर हाताने रंग भरण्याची पद्धत सर्रास होती. रिटचिंग करणारा कारागीर तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवी. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा फिकी असते. तिथे पेन्सिलीने शिसे भरले की प्रकाश अडतो आणि छापलेल्या फोटोतून सुरकुती नाहीशी होते. दहा वर्षांनी तरुण होण्याची ही युक्ती आपल्या आजोबांच्याही काळात होती!

संगणकाने या कामाची रीत मात्र पार बदलून टाकली. संगणकाला चेहरा दिसत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. आलेखकागदावर जशा बारीक चौकटी असतात, तशा चौकटींत तो फोटो विभागतो. या चौकटीलाच पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल फोटोत अगदी काळ्या चौकटीला ० आणि अगदी पांढरीला २५५ असा आकडा दिला जातो. रंगीत फोटोत लाल, हिरवा व निळा असे प्रत्येक चौकटीचे तीन आकडे होतात. अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ साली संगणकात उतरवलेला पहिला फोटो आडव्या १७६ व उभ्या १७६ चौकटींचा होता, आणि तो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. म्हणजे या साऱ्या विद्येची सुरुवातच एका घरगुती फोटोने झाली. पुढे १९९० साली फोटोशॉप बाजारात आले. १९९४ साली त्यात ‘थर’ रचण्याची सोय झाली. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसा एका थरावर चेहरा, दुसऱ्यावर कोट, तिसऱ्यावर मागचा देखावा ठेवता येऊ लागला. कोणी कधी न घातलेला कोट अंगावर चढतो तो असा.

आता मोठ्या आकाराचा हिशेब पाहू. साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा फोटो इंचाला ३०० चौकटी या प्रमाणात संगणकात घेतला, तर रुंदीत सुमारे ४१३ चौकटी मिळतात. तोच बारा इंच रुंद छापायचा तर ३,६०० चौकटी लागतात. लांबीरुंदीचा मिळून विचार केला, तर दर ७६ चौकटींत खरी माहिती एकीचीच असते. उरलेल्या ७५ संगणक शेजारच्या चौकटी पाहून अंदाजाने भरतो. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्ता यापुढे जाते. तिला असंख्य चेहऱ्यांवर शिकवलेले असते. त्यामुळे अस्पष्ट डोळ्याच्या जागी ती ‘असा असू शकेल’ असा डोळा काढते. तो डोळा सुरेख असतो, पण तो आपल्या माणसाचाच असेल असे नाही.

हे मला आमच्या घरी कळले. माझ्या आजीचा एकच फोटो होता, तोही दुमडून मधोमध चिरलेला. तिच्या वर्षश्राद्धापूर्वी आम्ही तो मोठा करून आणला. चीर नाहीशी झाली होती, चेहरा उजळला होता, गळ्यात सोन्याची माळ आली होती. घरातील सर्वांनी वाखाणणी केली. वडील मात्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सगळं चांगलं हाय, पण माझ्या मायचं गोंदण कुठं गेलं?”

आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. स्टुडिओतल्या मुलाला ते कागदावरचे डाग वाटले. त्याचाही दोष म्हणवत नाही. डाग पुसण्याचे साधन शेजारची कातडी उचलून काळ्या ठिपक्यावर चिकटवते. कागदाचा डाग कोणता आणि बाईचे गोंदण कोणते, हे आकड्यांवरून त्याला कसे कळावे? आणि ती सोन्याची माळ! आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात हळद काढणाऱ्या माझ्या आजीने सोने कधी अंगावर घातले नव्हते.

येथे एक शंका निघेल. नरसीच्या नामदेव महाराजांचे चित्र आपण घरोघरी पूजतो, तेही कल्पनेनेच काढलेले नाही काय? आहे. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकातील संतांचे ते चित्र आहे, फोटो नव्हे, हे आपण जाणतो. चित्राकडून आपण भावाची अपेक्षा करतो, फोटोकडून साक्षीची. साक्षीदाराने आपल्या मनाचे घालून सांगितले, तर त्याची साक्ष उरत नाही.

म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. काळाने कागदाला केलेली इजा अवश्य दुरुस्त करावी. चीर, वाळवीचे छिद्र, उडालेला रंग हे त्या माणसाचे नव्हेत. परंतु आयुष्याने माणसावर उमटवलेल्या खुणा, म्हणजे गोंदण, सुरकुती, उन्हाने रापलेला वर्ण, यांना हात लावू नये. हौसेने कोट चढवायचाच असेल, तर खुशाल चढवावा, पण तो कोट हौसेचा आहे हे पुढच्या पिढीला सांगावे. आणि मूळ फोटो, कितीही फाटका असला तरी, फेकू नये. दुरुस्ती पुन्हा करता येते, मूळ पुन्हा मिळत नाही.

आमच्याकडे तो मूळ फोटो होता, म्हणूनच दुसऱ्यांदा काम करून घेता आले. या वेळी मी त्या मुलाशेजारी बसून प्रत्येक ठिपका दाखवला. आज आमच्या भिंतीवर आजी आहे ती सावळी, सुरकुतलेली, रिकाम्या गळ्याची. कपाळावर तिचे गोंदण आहे. वडील सकाळी उदबत्ती लावताना आता तिच्याकडे नीट बघतात.