दर तीन महिन्यांनी येणारा आकडा

आमच्या पिढीला ब्लड कॅन्सर शिकवला तो हिंदी चित्रपटांनी. १९७८ साली ‘अखियों के झरोखों से’ पाहून डोळे पुसत बाहेर पडलेले बरेच जण आज आपल्या मंडळात आजी-आजोबा म्हणून वावरतात. ‘ल्युकेमिया’ म्हटले की त्यांचा आवाज आजही आपोआप खाली जातो. पण ल्युकेमिया एक नाही. त्यातल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे सीएमएलचे, चित्र २००१ साली इमॅटिनिबची गोळी आल्यापासून पार पालटले आहे. मला स्वतःला हा आजार २०११ पासून आहे. मंडळात दोन-चार जणांनाच ठाऊक होते, आता सर्वांना झाले. सांगायचे कारण असे की गेल्या वर्षभरात दोन घरांतून मला हळूच फोन आले, आणि दोन्हीकडचे प्रश्न औषधाचे नव्हते, तपासण्यांचे होते.

पहिला फोन मुलीचा. “काका, बाबांचा आकडा ०.००४ होता, आता ०.००८ आलाय. दुप्पट!” घरात दोन दिवस कोणी धड जेवले नव्हते.

हा आकडा कशाचा? १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि तेच रोगाचे मूळ. पीसीआर तपासणी रक्तातल्या या जनुकाच्या खुणा मोजते आणि नेहमीच्या एका जनुकाशी त्यांचे प्रमाण काढते. पूर्वी वारंवार कंबरेच्या हाडातून मज्जा काढावी लागे; आता एरवी दंडातले रक्त पुरते.

मोजपट्टी दहापटींची आहे. साधारणपणे तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आणि वर्षाने ०.१ टक्क्याच्या खाली यावे अशी अपेक्षा असते. ०.१ ही महत्त्वाची पायरी. तिच्या बऱ्याच खाली ०.००४ चे ०.००८ होणे हा बहुधा मोजणीतला थरथराट असतो. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हेच सांगत आलो, की एका मोजमापावर निष्कर्ष काढू नका, ओळीने चार पाहा. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत व्हावी, तेही याचसाठी. पण आकडा ०.१ च्या वर परत गेला, तर थांबायचे नाही. लवकर पुन्हा तपासणी, गोळ्या चुकल्या का याची विचारपूस, आणि गरज पडल्यास औषधाला दाद न देणारा बदल जनुकात झाला आहे का याचा शोध, हे ओघाने येते.

उलट, रिपोर्टवर ‘आढळले नाही’ आले की पेढे वाटणारेही आहेत. तांदळाच्या पोत्यातून मूठभर घेतले आणि खडा सापडला नाही, म्हणून पोते निवडून झाले असे कोणती गृहिणी म्हणेल? मूठ केवढी होती, हे महत्त्वाचे. प्रयोगशाळाही आपली मूठ केवढी होती ते पाहूनच निकालाची खोली ठरवते.

दुसरा फोन एका चिरंजीवांचा. आई-वडील हिवाळ्यात चार महिने नाशिकला जाणार, वडील ठणठणीत, तर एक तपासणी टाळली तर काय बिघडेल? बिघडते ते असे, की या रोगात आकडा वर जाताना आधी काहीच दुखत नाही. आणि तपासणी ही गोळ्यांचीही झडती असते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांत, त्यांच्या नकळत, झाकण उघडल्याची नोंद करणारी चकती बसवली होती. २०१० साली निष्कर्ष आले. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणारे जवळजवळ सगळे ०.१ ची पायरी गाठत होते. त्याहून कमी घेणाऱ्यांत तिघांत एकही नाही. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या चुकणे. प्रवास, जेटलॅग, लग्नघर यांत तीन गोळ्या सहज जातात. तेव्हा तारखा आधी बदलून घ्या, गोळ्या पुरेशा आणि हातातल्या बॅगेत न्या.

आपल्या स्वयंपाकघराचाही तपासण्यांशी संबंध आहे. इमॅटिनिब जेवणाबरोबर, भरपूर पाण्याने घ्यायचे, म्हणून नवरात्राच्या उपवासात पंचाईत. निलोटिनिब रिकाम्या पोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. दिवाळीच्या फराळात तीन तास तोंड बंद ठेवणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि पपनस त्याचेच पूर्वज, तेही टाळावे. निलोटिनिबने साखर व कोलेस्टेरॉल वाढू शकते आणि रक्तवाहिन्यांना धोका पोचू शकतो, म्हणून त्या तपासण्या व ईसीजीही लागतात. मधुमेह आपल्याकडे घरोघरी असल्याने हे हलक्याने घेऊ नये. यकृताच्या तपासणीआधी काढ्यांबद्दल डॉक्टरांना अवश्य सांगा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी करोनाकाळात मुंबईच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. तुम्ही सांगितले नाही तर दोष गोळीवर जातो आणि चांगले चाललेले औषध बदलले जाते.

तरुण वाचकांसाठी एक गोष्ट. हा आजार फक्त म्हाताऱ्यांचा नाही. भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात आढळतो. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, म्हणून मूल हवे असलेल्या मुलीने आधी आकडा पुरेसा खाली आणून डॉक्टरांशी वेळ ठरवायची असते. सासूबाईंपासून लपवून हे जमत नाही. आणि इंग्लंडात कर्करुग्णांना २००९ पासून प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. त्यासाठीचा दाखला मात्र मागून घ्यावा लागतो.

आकडा बरीच वर्षे खोल राहिला तर गोळी थांबवूनही पाहता येते. साधारण निम्म्या लोकांना ती पुन्हा लागत नाही. ज्यांचा आजार परततो, त्यातल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत परततो, आणि गोळी सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो. अट एकच, त्या सहा महिन्यांत दरमहा रक्त द्यायचे. माझ्या डॉक्टरांनी यंदाच्या उन्हाळ्यात हा विषय काढला. मी हो म्हटले तर या हिवाळ्यात पुणे नाही. सौ.ने तिकिटे अजून काढलेली नाहीत.