खिडकी उघडा, किडकी तेगी!

बेळगावात जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तो सप्टेंबरपर्यंत ठाण मांडून बसतो. वर्गाच्या खिडक्या बंद, दाराआड ओले रेनकोट आणि आत चाळीस-पन्नास मुले. "शेवटच्या तासाला डोकं जड होतं, झोप येते," अशी तक्रार मग घरोघरी ऐकू येते. आपण मोबाईलला बोल लावतो. पण कधी कधी दोष वर्गातल्या हवेचाही असतो.

बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे 420 भाग असतो; आपल्या उच्छ्वासात तो जवळपास 40,000 भाग. चाळीस मुलांचा वर्ग पूर्ण बंद ठेवला, तर अर्ध्या तासातच हे प्रमाण 1,000 च्या पुढे जाते. त्याने विषबाधा होत नाही. पण मुले एकमेकांनी सोडलेली हवाच पुन्हा आत घेत आहेत, याची ती खूण. अशा हवेत वर्ग पेंगतो आणि एकाचा सर्दी-खोकला बाकभर पसरतो. करोनाच्या साथीत, 2021 साली, जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा हवी, असे सुचवले.

जुन्या कौलारू शाळांत ही सोय आपसूक होती. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि मंगळुरी कौले सर्वत्र पोहोचली. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. भिंतीत उंचावर झरोका असे. कन्नडमध्ये त्याला बेळकिंडी म्हणतात. स्लॅब आला, झरोके बुजले, खिडकीपुढे कपाट उभे राहिले.

निपाणीत अडचण वेगळी. शेजारी तंबाखूची वखार असेल, तर उघड्या खिडकीतून खकाणा आत येतो. तिथे वखारीकडची खिडकी बंद ठेवून व्हरांड्याकडची उघडावी. फळाही ओल्या फडक्याने पुसावा.

पालकांनो, उपाय महागडे नाहीत. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या तरी उघड्या हव्यात. नुसता पंखा आतलीच हवा फिरवतो. मधल्या सुट्टीत दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. झरोके मोकळे करणे, खिडकीवर पावसासाठी पत्रा बसवणे, हे विषय एसडीएमसीच्या बैठकीत जरूर मांडा.

घरात अज्जी म्हणतेच ना, "गाळी बरली, किडकी तेगी!" वारा येऊ दे, खिडकी उघड. तेवढेच शाळेतही सांगायचे आहे. शाळा मराठी असो वा कन्नड.