पोटातला रक्तस्राव आणि दुर्बिणीतून मारायची पावडर



अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून उपाशीपोटी घ्यायची सवय आपल्याकडे फार. त्याने जठरात व्रण पडतो आणि व्रणातून रक्त जाऊ लागते. रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, की घरी औषधपाणी करीत बसू नये. साक्रीहून धुळे पन्नासेक किलोमीटर, पिंपळनेरकडच्यांना त्याहून लांब. तेव्हा रात्र असली तरी निघावे.

दवाखान्यात तोंडावाटे दुर्बीण घालून रक्ताची जागा शोधतात. तेथे सुई देतात, चिमटा लावतात किंवा डागतात. एवढ्याने भागले नाही, तर काही मोठ्या रुग्णालयांत आता पावडर मारतात. आपण पिकावर धुरळणी करतो तसाच प्रकार. दुर्बिणीतून बारीक नळी घालून वायूच्या दाबाने भुकटी उडवायची. ‘हिमोस्प्रे’ ही त्यातली प्रसिद्ध पावडर म्हणजे बेन्टोनाईट जातीची माती. बेन्टोनाईट सल्फर खतामुळे हे नाव आपल्या कानांवरून गेलेले आहेच. (खतातली माती पोटात घेऊ नये, हे सांगायला नकोच!) वाहत्या रक्तातले पाणी ती शोषते आणि जखमेवर लिंपण बसते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली हिला परवानगी दिली, तेव्हा २२८ रुग्णांची माहिती तपासली होती. शंभरातल्या ९५ जणांचे रक्त पाच मिनिटांत थांबले. पण सुमारे २० टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव झाला, तोही बहुधा पहिल्या ७२ तासांत. कारण उघड आहे. लिंपण एकदोन दिवसांत सुटून शौचावाटे निघून जाते, आणि खालचा व्रण तोवर भरलेला नसतो. “रक्त थांबलं ना, मग सोडा आता घरी,” असा आग्रह नातेवाईक धरतात. आमच्या मते खरा धोका तेथेच आहे. ते दोनतीन दिवस नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहावे लागते, प्रसंगी दुसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागते.

बाकीच्या अडचणी डॉक्टरांच्या हातातल्या. नळीच्या तोंडाला ओल लागली की पावडर आतच घट्ट होते व नळी तुंबते. भुकटीचा थर बसला की रक्ताची जागा दिसेनाशी होते, मग चिमटा लावणे अवघड. क्वचित दुर्बीणच अन्ननलिकेला चिकटते. वायूने पोट फुगते. आतड्याला भोक पडण्यासारखे गंभीर प्रकार वरील तपासणीत सुमारे एक टक्का रुग्णांत आढळले. म्हणून पावडर मारल्यावर पोटात एकदम जोराची कळ आली, पोट ताठ झाले, तर नर्सबाईंना लगेच सांगावे. गॅस झाला असेल म्हणून गप्प राहू नये.

रोगी कोणत्या गोळ्या घेत होता, विशेषतः दुखण्याच्या आणि रक्त पातळ करण्याच्या, त्यांची पाकिटे सोबत न्यावीत. घरी सोडताना त्यांतली कोणती बंद व कोणती चालू, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.