पाऊस दडी मारतो तेव्हा सुगरणीच्या घरट्याचं काय होतं?

आमच्या बार्शीकडच्या शेतात एक जुनी विहीर आहे. तिच्यावर बाभूळ झुकलेली आहे आणि त्या बाभळीला दरवर्षी सुगरणीची घरटी लटकतात. २०२३ च्या दिवाळीत गावी गेले तेव्हा त्यातली बरीचशी अर्धवट दिसली. वरची टोपी विणलेली, खाली काहीच नाही. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "पाऊसच न्हाई, मग ते तरी काय करनार?"

विषय तिथेच संपला. पण माझ्या डोक्यातून तो काही गेला नाही. पक्ष्याला उडता येतं, पाणी दुसरीकडे मिळतं, मग पावसाचा आणि घरट्याचा एवढा काय संबंध?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बहिणाबाईंच्या कवितेमुळे खोपा म्हटलं की आपल्याला सुगरण आठवते, पण तो खोपा विणतो नर. मादी येते, बघते आणि पास-नापास ठरवते. हे सगळं बारकाईनं टिपलं ते डॉ. सलीम अली यांनी, तेही आपल्याच महाराष्ट्रात. १९३० च्या सुमारास हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर आधी टोपीसारखं अर्धं घरटं विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. एखादीला ते पसंत पडलं तरच तो अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. मग तिला तिथे सोडून पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी!

आता यात पाऊस कुठे आला?

पहिल्यांदा येतो तो विणकामात. सुगरण वाळलेलं गवत वापरत नाही. गवताच्या किंवा उसाच्या हिरव्या पात्याला चोचीनं खाच पाडायची, टोक धरून उडायचं आणि लांबच लांब पट्टी सोलून काढायची, ही त्याची पद्धत. कोरडं पातं मोडतं, त्याची गाठ बसत नाही. एका घरट्यासाठी अशा शेकडो फेऱ्या लागतात. दिवस मोठे होऊ लागले की पक्ष्याचं शरीर विणीच्या तयारीला लागतं, पण खरं काम सुरू होतं पाऊस पडून रान हिरवं झाल्यावर.

सोलापुरात ऊस आहे की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस कोरड्या वर्षातही हिरवा असतो आणि त्याची पाती सुगरणीला चालतात. म्हणजे माती, विटा मिळाल्या, घर उभं राहिलं. पण घरात खायला काय?

खरी अडचण इथे आहे. मोठी सुगरण दाणे खाते, पिल्लांना मात्र किडे लागतात. अळ्या, नाकतोडे, मऊ आणि प्रथिनांनी भरलेलं खाणं. पिल्लाला पाणीसुद्धा मुख्यतः त्यातूनच मिळतं. आणि किडे येतात ते पावसानंतरच्या हिरवाईवर.

जरा हिशेब करू. घरटं विणायला साधारण १८ दिवस. अंडी उबवायला १४ ते १७ दिवस. पिल्लू उडायला आणखी १७ दिवस. म्हणजे पन्नास दिवसांच्या आसपास. आता २०२३ आठवा. मान्सून उशिरा आला, जुलैमध्ये बरा पडला आणि ऑगस्टमध्ये गायब झाला. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. जुलैच्या सुरुवातीला ज्यानं विणायला घेतलं असेल, त्याची पिल्लं ऐन ऑगस्टमध्ये चोच वासून बसलेली असणार. पावसाचा खंड नेमका तिथेच पडला. त्या वर्षी सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बार्शी, माढा, करमाळा, सांगोला आणि माळशिरस होते. आपण दुष्काळ मोजतो तो वर्षभराच्या मिलिमीटरमध्ये, पण पक्ष्याचं वर्ष या पन्नास दिवसांत उरकतं.

मग पक्षी करतात काय? बरेच जण त्या वर्षी सुट्टी घेतात.

ऐकायला विचित्र वाटतं, पण थॉमस मार्टिन आणि जेम्स माउटन या संशोधकांनी मलेशिया आणि व्हेनेझुएलाच्या जंगलांत वर्षानुवर्षं नोंदी ठेवून हे दाखवलं. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळाच्या वर्षी गाणाऱ्या पक्ष्यांची वीण मलेशियात सरासरी ३६ टक्के आणि व्हेनेझुएलात ५२ टक्के घटली. ज्या जाती जास्त वर्षं जगतात, त्यांनी वीण जास्त कमी केली आणि त्यांचे मोठे पक्षी तगले. कमी आयुष्याच्या जातींनी मात्र रेटून अंडी घातली आणि त्यांना ते महागात पडलं. पुढच्या वर्षाची खात्री नसलेल्यानं थांबायचं तरी कशाच्या जोरावर?

दक्षिण कॅलिफोर्नियात तर २००२ च्या भीषण कोरड्या वर्षी झुडपी रानातल्या चार जातींची वीण जवळपास शून्यावर आली. आदल्या वर्षी एका जोडीमागे सरासरी २.३७ पिल्लं उडाली होती, त्या वर्षी ०.०७!

सोलापूरच्या माळावरच्या चंडोलांसाठी गोष्ट आणखी अवघड आहे. ते झाडावर घरटं बांधतच नाहीत. ढेकळाच्या किंवा गवताच्या झुडक्याच्या आडोशाला, जमिनीवरच घरटं. गवत उगवलं नाही तर ना सावली, ना लपायला जागा. आणि जे थोडं गवत उरतं तिथे सगळ्या गावाची शेरडं-मेंढरं येतात. त्यात मेंढपाळाची चूक काढण्यात अर्थ नाही, त्यालाही जनावरं जगवायचीच आहेत. नान्नजचं गवताळ रान १९७९ पासून माळढोकासाठी राखलं गेलं. आता माळढोक तिथे दिसणं मुश्किल, पण राखलेल्या गवताचा आडोसा या छोट्या पक्ष्यांनाही मिळतो.

अडचण एका वर्षाची नाहीच. २०१५, २०१८, २०२३ अशी ओळीनं कोरडी वर्षं येत राहिली तर छोट्या पक्ष्याला सुट्टी घ्यायची तरी किती वेळा?

उन्हाळा आला की आपल्या फीडवर पाण्याच्या मातीच्या भांड्यांच्या रील्स येतात. ठेवा, जरूर ठेवा, मोठ्या पक्ष्यांना फायदा होतो. पण पिल्लू त्या भांड्यावर वाढत नाही. त्याला बांधावरचं न पेटवलेलं, न फवारलेलं गवत आणि त्यातले किडे हवेत. ही रील कुणी बनवत नाही, कारण नुसतं गवत दाखवून व्ह्यूज येत नाहीत.

तुमच्या विहिरीवरची घरटी यंदा ऑक्टोबरमध्ये नीट बघा. नुसती टोपी असेल तर मादीनं ते घेतलं नाही. खाली नळी असेल तर तिथे संसार झाला होता. चांगल्या पावसातही काही टोप्या रिकाम्या राहतातच, त्यामुळे चार टोप्या दिसल्या म्हणून लगेच 'दुष्काळ' असं स्टेटस टाकू नका. टोप्या किती आणि नळ्या किती, दोन्ही मोजा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली परत जा. आमच्या बाभळीवर २०२३ मध्ये सात टोप्या होत्या आणि नळ्या दोन.