करोडगिरीच्या सरहद्दीवरून धावलेली गाडी

17 सप्टेंबर 2025 रोजी बीड ते अहिल्यानगर ही रेल्वे सुरू झाली. मंजुरी 1995 ची, मार्ग 261 किलोमीटरचा, पुढचा परळीपर्यंतचा तुकडा अजून बाकी, हे सगळे वाचकांना पाठ आहे. या मार्गासाठी मोर्चे निघाले, निवेदने गेली, एक पिढी वाट पाहत म्हातारी झाली. त्यामुळे फलाटावरचा जल्लोष खरा होता. तरीही गाडीच्या वाटेवरची एक जागा आठवणीबाहेर राहू नये, असे वाटते. आष्टी तालुका ओलांडून गाडी नगर जिल्ह्यात शिरते, तिथे 1948 पर्यंत दोन राज्यव्यवस्थांची सरहद्द होती. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचे चलन, निजामाचे टपाल तिकीट, निजामाची जकात.

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात आणखी दोन बातम्या आल्या. 24 जुलैला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला, कारण 31 जानेवारी 2020 रोजी तो युरोपीय महासंघातून बाहेर पडला होता. आणि 2 सप्टेंबरला, बीड जिल्ह्यातल्या मातोरीत जन्मलेल्या मनोज जरांगे पाटलांच्या मराठा आरक्षणासाठीच्या आझाद मैदानावरील उपोषणानंतर, हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. ज्या राज्याचे नावही नकाशावर उरले नाही, त्या राज्याच्या नोंदींसाठी बीडचे लोक आज तहसीलच्या रांगेत उभे आहेत. संघात राहायचे की बाहेर, यावर लंडनमध्ये झालेली चर्चा आपल्याला परकी वाटते. वाटू नये. महाराष्ट्रात हा प्रश्न अंगावर काढलेले जिल्हे कुठले असतील, तर ते मराठवाड्याचे.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणे आपण दरवर्षी ऐकतो. त्यांत निजामाच्या बाजूचे रझाकार असतात, त्यांचा पुढारी कासीम रझवी असतो, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ असतात, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा असते. ते सगळे असलेच पाहिजे. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की या लढ्याचा बाजाराचा भाग आपण फार कमी सांगतो. राजाचे सार्वभौमत्व ही हैदराबादच्या महालातली गोष्ट होती. पाटोद्याच्या शेतकऱ्याला ते सार्वभौमत्व भेटायचे ते नाकेदाराच्या रूपात.

या जकातीचे नाव करोडगिरी. कंपनी सरकारशी झालेल्या 1802 च्या तहाने तिचा दर शेकडा पाचवर बांधला गेला होता आणि पुढे दीड शतक हा आकडा संस्थानाच्या तिजोरीला पोसत राहिला. बाहेरून येणाऱ्या मालावर ती लागे, बाहेर जाणाऱ्या मालावरही लागे. हैदराबादला समुद्र नव्हता. मीठ, रॉकेल, गिरणीचे कापड बाहेरूनच यायचे. कापूस आणि तेलबिया बाहेर जायच्या. म्हणजे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा माल विकला जाताना जकात आणि त्याच पैशातून मीठ-कापड घेताना पुन्हा जकात. पाच टक्के कमी वाटतात. दोन्ही हातांनी द्यावे लागले की कमी राहत नाहीत.

त्यात चलनाची भानगड. संस्थानाचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजी मुलखातला कलदार वेगळा. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. नगर किंवा बार्शीच्या पेठेत माल विकला की कलदार हातात यायचे, सारा भरायचा तो हालीत. दोन चलनांच्या मध्ये सावकार आणि सराफ बसलेला. हिशेब येणाऱ्याचा फायदा, न येणाऱ्याची लूट. लोक सरहद्दीला विटले ते या रोजच्या व्यवहारामुळे, हे माझे ठाम मत आहे. सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, लेव्हीचे धान्य द्यायला नकार दिला, करोडगिरीचे नाके जाळले, ही कृत्ये हवेतून आलेली नव्हती. संस्थानाचा पैसा जिथून यायचा, तिथेच त्यांनी बरोबर हात घातला होता.

जून 1947 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून सांगितले की हैदराबाद ना भारताच्या घटना समितीत जाईल, ना पाकिस्तानच्या. स्वतंत्र राहण्याच्या या इच्छेची मुळे जुनी होती. वऱ्हाड परत मागताना निजामाने इंग्रजांशी बरोबरीचा दावा केला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी 1926 मध्ये पत्र लिहून तो साफ फेटाळला होता. नरहर कुरुंदकरांनी स्वतंत्र हैदराबादच्या या महत्त्वाकांक्षेचा माग फार मेहनतीने काढला आहे. बीडचेच न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर 2025 च्या जानेवारीत गेले. स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र लिहून त्यांनीही हा काळ जपून ठेवला. शाळेतल्या मुलांना हे दोघे वाचायला दिले पाहिजेत.

29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि वर्षभर सगळे पूर्वीसारखे चालेल असे ठरले. शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने दोन वटहुकूम काढले. एकाने सोने-चांदी भारतात नेण्यावर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असे सांगितले. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरील आपल्या ग्रंथात हा प्रसंग नोंदवला आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न कराराच्या भंगाचा होता. आष्टी, पाटोदा, गेवराईच्या माणसाच्या दृष्टीने प्रश्न असा होता की घरात ठेवलेले कलदार उद्या दुकानदार घेईल का?

पुढच्या महिन्यांत माल अडू लागला. भारत सरकार म्हणत राहिले की ही अधिकृत नाकेबंदी नाही. हैदराबाद म्हणत राहिले की औषधे आणि मीठसुद्धा पोहोचत नाही. राजधानीत दोन्ही बाजूंची निवेदने छापून येत होती. सरहद्दीवरच्या गावांनी रझाकारांची दहशत आणि टंचाई एकाच वेळी सोसली. ज्यांना शक्य झाले त्यांनी बायकामुले नगर-सोलापूरकडच्या सोयऱ्यांकडे पाठवली. सोयरिकी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होत्या, म्हणून जीव वाचले.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली. घराघरांत याला आजही ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. त्यानंतर जे घडले ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक राहणार नाही. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते आणि झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव आहे. निजाम हैदराबादेत सुखरूप राहिला, पुढे राजप्रमुख झाला. ज्यांचा त्या फर्मानाशी काडीचा संबंध नव्हता, त्या गावकऱ्यांनी किंमत मोजली. आधी एका बाजूच्या, नंतर दुसऱ्या बाजूच्या.

ब्रिटनमध्ये रक्त सांडले नाही, ती तुलना मी करणार नाही. पण 2016 च्या सार्वमताआधी आणि नंतर तिथल्या लोकांच्या मनात असलेली भीती आपल्याला लगेच कळावी अशी होती. आयर्लंड बेटावरची सुमारे 500 किलोमीटरची सरहद्द अचानक युरोपीय महासंघाची सरहद्द झाली. शेत एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात, अशा लोकांनी विचारले की नाके परत येणार का? 1998 च्या शांतता करारानंतर ती सरहद्द पुसट झाली होती. ती पुन्हा गडद होऊ नये म्हणून आधी एक तडजोड झाली, मग 2023 मध्ये विंडसर येथे दुसरी. उत्तर आयर्लंडने तर 55.8 टक्के मते महासंघात राहण्याच्या बाजूने दिली होती. निर्णय मात्र देशाच्या एकूण 51.9 टक्क्यांनी झाला. सरहद्दीवरच्या माणसाचे मत मोजले जाते, पण पुरत नाही.

दुसरी गोष्ट बीडला आणखी जवळची. ब्रिटनच्या शेतांवर फळे आणि भाजी काढायला रुमानिया-बल्गेरियाचे मजूर येत. त्यांना परवाना लागत नसे. बाहेर पडल्यावर लागू लागला. मजूर अपुरे पडू लागले आणि सरकारला हंगामी कामगारांसाठी सहा महिन्यांच्या व्हिसाची वेगळी योजना चालवावी लागली. आपला ऊसतोड मजूर दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता बांधून निघतो आणि सांगली-कोल्हापूर काय, थेट कर्नाटकातल्या कारखान्यावर जातो. त्याचे हाल पुष्कळ आहेत, त्यावर लिहावे तेवढे थोडे. पण वाटेत त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. संघराज्य या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ तेवढा आहे आणि तो छोटा नाही.

आपल्या घटनाकारांना ही गोष्ट नीट उमगली होती. कलम 301 ने देशभर व्यापार मुक्त केला, पण करोडगिरीवर ज्या राज्यांचे अंदाजपत्रक उभे होते, त्यांच्यासाठी कलम 306 मध्ये सवलत ठेवली. केंद्राशी करार करून अशा राज्याला जास्तीत जास्त दहा वर्षे ही जकात चालू ठेवता येत होती. तिजोरी एका दिवसात कोसळू नये म्हणून दिलेला हा अवधी होता. हाली सिक्काही असाच हळूहळू गेला. 1951 मध्ये तो काढणे थांबले, पण चलनातून तो पूर्ण बाद व्हायला 1959 उजाडले. माणसांच्या गाठीला असलेला पैसा मातीमोल होणार नाही, याची काळजी घेतली गेली. ब्रिटनला संक्रमणासाठी अकरा महिने मिळाले आणि व्यापार करार 24 डिसेंबर 2020 ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना झाला. या बाबतीत आपण अधिक समजूतदार होतो, हे अभिमानाने सांगावे.

1956 च्या बाबतीत मात्र तसे सांगता येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. भाषेचा प्रश्न सुटला, मी त्या निर्णयाच्या पूर्ण बाजूने आहे. पण बाहेर पडणाऱ्यांच्या काळज्या होत्याच. उर्दूत शिकलेल्या कारकुनाची ज्येष्ठता कोण मोजणार? उस्मानियाची पदवी मुंबईत चालेल का? कोर्ट-कचेरी कुठे? जमिनीच्या कायद्यांचे काय? औरंगाबादला विद्यापीठ 1958 मध्ये आले, उच्च न्यायालयाचे खंडपीठ यायला ऐंशीचे दशक उजाडले. आणि कूळकायदा तर आजही हैदराबादचा, 1950 चा. इनाम रद्द करणारा कायदाही हैदराबादचाच, 1954 चा. मदतमाश, खिदमतमाश हे शब्द बीडच्या तलाठ्याच्या आणि वकिलाच्या तोंडी अजून आहेत, कारण ते वाद अजून चालू आहेत. मंदिर-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी कुणाच्या, हे ठरवताना सत्तर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या राज्याचे कागद काढावे लागतात. गॅझेटियरचा वाद हा त्याच मालिकेतला आहे. राज्य सोडता येते. त्याचे कागद सोडत नाहीत.

मराठवाडा बिनशर्त आला, असे कौतुकाने सांगितले जाते. तरी 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात विकास, नोकऱ्या, शिक्षण यांत न्याय्य वाटा देण्याचे शब्द होते. त्यांना घटनेच्या कलम 371(2) चा आधार 1956 मध्ये मिळाला. त्या कलमातली विकास मंडळे प्रत्यक्षात 1994 मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात काय झाले ते दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेषाच्या आकड्यांत मांडले. युरोपातून बाहेर पडणाऱ्यांना आणि आपल्या पूर्वजांना एकच प्रश्न विचारता येईल : अटी कागदावर कुणी लिहिल्या आणि त्या पाळल्या नाहीत तर दाद कुठे मागायची? ब्रिटन आणि महासंघ यांनी निदान वाद सोडवण्याची यंत्रणा करारात लिहून घेतली. आपण शब्दावर विश्वास ठेवला.

बीडची रेल्वे त्या विश्वासाची उशिरा आलेली भरपाई आहे. निजामाच्या काळात मराठवाड्याची मुख्य लोहमार्गाची वाट मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे गेली. पुढे परळीलाही गाडी मिळाली, तीही त्याच जाळ्यातून. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि लातूरची पेठ भरभराटीला आली. बीड शहराच्या वाट्याला मात्र काही आले नाही. नगरकडे, म्हणजे आपल्या जुन्या पेठेकडे जाणारा रूळ टाकायला सरहद्द पुसल्यानंतर 77 वर्षे लागली.

मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण मंडळ अजून उभे राहिलेले नाही. मुक्तिदिनाच्या ध्वजवंदनाला येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला बीडकरांनी याची तारीख विचारावी आणि उत्तर लेखी घ्यावे.