खाकीची ओळख (लेखांक ६) : पोलीस शिपायाला लिहिता यायला हवं

मागच्या लेखात आपण भरतीचं मैदान पाहिलं. या आठवड्यात शिक्षणाच्या अटीकडे वळू.

नियम सरळ आहे. महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई व्हायचं तर बारावी उत्तीर्ण हवं. चालक शिपायालाही बारावीच, शिवाय वाहन परवाना. बँडपथकासाठी दहावी चालते. थेट उपनिरीक्षक व्हायचं असेल तर कोणत्याही शाखेची पदवी आणि एमपीएससीची परीक्षा. उपअधीक्षक राज्यसेवेतून येतात, आयपीएस अधिकारी यूपीएससीतून. तिथेही पदवी पुरते. पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला असल्यामुळे शिपायाच्या अटी प्रत्येक राज्य आपापल्या ठरवतं.

पण बारावीचं प्रमाणपत्र म्हणजे फक्त फाटक. आत घेताना काय तपासलं जातं, ते जास्त महत्त्वाचं. मैदानी चाचणीत किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. १०० गुण, ९० मिनिटं. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. सगळे प्रश्न बहुपर्यायी, उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायचे. सबंध परीक्षेत उमेदवाराला स्वतःचं एकही वाक्य लिहावं लागत नाही. समासाचा प्रकार अचूक ओळखणाऱ्या मुलाला घडलेला प्रसंग दहा ओळींत सुसंगत मांडता येतो का, हे कुणी पाहतच नाही.

आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याला तेच करायचं असतं. पोलीस ठाण्यात जाऊन पाहा. बारनिशीवर आवक-जावक नोंदवणारा शिपाई, ठाणे अंमलदाराच्या शेजारी बसून फिर्याद टंकणारा मदतनीस, तपासी अधिकाऱ्याबरोबर फिरणारा त्याचा रायटर. गुन्ह्याच्या कागदपत्रांवर सही साहेबांची असते. त्यातला बराच मजकूर मात्र यांच्या हातून उतरलेला असतो.

घरफोडीचा पंचनामा घ्या. घराचं तोंड कोणत्या दिशेला, चतुःसीमा काय, दार कोणत्या बाजूला उघडतं, कपाटाचे खण कसे पडले होते, पंचनामा किती वाजता सुरू झाला नि किती वाजता संपला, हे सगळं त्यात यावं लागतं. समजा, चोरट्याने कटावणीने कोयंडा उचकटला आहे आणि कुलूप तसंच लटकतं आहे. लिहिणाऱ्याने सवयीने ‘कुलूप तोडून आत प्रवेश’ असं लिहून टाकलं. पुढे आरोपीकडून कटावणी जप्त झाली. कोर्टात उलटतपासणीत आरोपीचे वकील विचारणार, तुटलेलं कुलूप कुठे आहे? मुद्देमालात ते नाही, कारण ते तुटलंच नव्हतं. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि पंचांना जेमतेम आठवत असतं. एका चुकीच्या वाक्याने खऱ्या गुन्ह्याभोवती संशय उभा राहतो.

जबाबांचंही तसंच. साक्षीदार ऊसतोड मजूर असो की बँकेतला कारकून, जबाब एकाच ठशाचे उतरले की न्यायाधीशांच्या ते लगेच लक्षात येतं. माणसाचं म्हणणं त्याच्या शब्दांत पकडणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि हे काम आणखी वाढलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य असलेलं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारं दार आणि कागदावरचं दार आता एकमेकांशी ताडून पाहता येईल. ढोबळ लिहून भागवण्याचे दिवस गेले.

शिपायाच्या लिहिण्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाची मुळं जुनी आहेत. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिपायाकडे विचार करण्याचं काम देऊ नये, साचेबंद कामं द्यावीत, अशी भूमिका घेतली आणि उपनिरीक्षकांच्या थेट भरतीवर भर दिला. त्याच काळात, १९०६ मध्ये, पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. डोकं अधिकाऱ्याचं आणि काठी शिपायाची, ही विभागणी साहेबाच्या राज्याला सोयीची होती. आपण ती अजून पुरती मोडलेली नाही.

मग शिपायालाही पदवीची अट घालावी का? मला ते पटत नाही. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले आणि त्यांत पदवीधर होते, अभियंतेही होते. पदवी असलेले तसेही येतच आहेत. अट वाढवली तर बारावीनंतर तीन वर्षं शिकवण्याची ऐपत नसलेल्या घरांतली मुलं आणि मुली बाहेर राहतील. महिलांसाठी ३० टक्के आरक्षण ठेवून ज्या मुलींना आपण दलात बोलावतो, त्यांच्यातल्या गरीब मुलींनाच आपण दारातून परत पाठवू. नोकरीत लागल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारे पोलीस थोडे नाहीत. ती वाट खुली राहावी, साहेबांनी त्यासाठी रजा द्यावी.

बदल हवा तो परीक्षेत आणि प्रशिक्षणात. लेखी परीक्षेत वीस गुणांचा एक प्रश्न असा असावा की, चित्रफीत दाखवायची आणि काय पाहिलं ते लिहायला सांगायचं. तपासायला वेळ लागेल, खर्च होईल, तो करावा. खंडाळा, जालना, अकोला, तुरची, मरोळ अशा प्रशिक्षण केंद्रांत कवायतीइतक्याच शिस्तीने पंचनामे लिहून घ्यावेत आणि ते सरकारी वकिलांकडून तपासून घ्यावेत.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ती पूर्ण ऐका, चुकलेलं वाक्य तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा.

(पुढील आठवड्यात : उपनिरीक्षकाची नाशिकमधली जडणघडण)