भेग बुजवण्याआधी वाचा

आषाढ सरत आला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शाळांच्या वर्गांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा भरतात. दोन-तीन तासांत वीतभर उंचीची मूर्ती तयार होते आणि माणसं पाट मांडीवर घेऊन रिक्षाने घरी जातात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दोन-तीन दिवसांत कानामागे भेग दिसते, मग गळ्याशी, आणि एखाद्या सकाळी सोंडेचं टोक पाटावर पडलेलं असतं. घरातलं कुणीतरी अपशकुन म्हणतं, कुणी ओल्या मातीचा गोळा आणून भेगेवर थापतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच भेग तिथेच पुन्हा उघडते. पुष्कळ जण इथेच हात टेकतात आणि नाक्यावरच्या मांडवात जाऊन मूर्ती बुक करून येतात.

मला या माणसांबद्दल फार वाटतं, कारण ते सोडतात ते नेमकं शिकायच्या क्षणी. मातीतली भेग सहसा उगाच पडत नाही. पाणी कुठून आधी गेलं आणि कुठे अडकून राहिलं, हे ती दाखवत असते. ती बुजवण्याआधी वाचता आली तर पुढची मूर्ती निम्मी सुधारते.

त्यासाठी आधी शाडू वाळतो म्हणजे काय होतं ते पाहू. ही करड्या-पांढऱ्या रंगाची बारीक माती, आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. कुठल्याही चिकणमातीचे कण चपटे आणि अतिशय बारीक असतात, साधारण २ मायक्रॉनहून लहान. आपला केस त्याच्या तीसेक पट जाड. दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यावरून ते ओल्या काचेच्या पट्ट्यांसारखे एकमेकांवर सरकतात. माती हवी तशी वळते ती यामुळे. पाणी उडू लागलं की कण जवळ येतात आणि मूर्ती आकसते. दहा इंचांची मूर्ती वाळून साडेनऊच्या आसपास आली तर नवल नाही. कण एकमेकांना टेकले की आकसणं थांबतं, आणि मातीचा गडद रंग फिका होऊ लागतो. त्यानंतर उरलेलं पाणी गेलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे जपायचे दिवस सुरुवातीचे.

आकसण्याने भेग पडत नाही, कमीजास्त आकसण्याने पडते. कान, बोटं, मुकुटाची टोकं पातळ, म्हणून ती आधी वाळतात. पोट आणि बैठक जाड, ती मागे राहतात. वाळलेला भाग लहान व्हायला बघतो, ओला भाग त्याला होऊ देत नाही. दाबाला माती चांगली टिकते, ताणाला मात्र फार कच्ची. जिथे ताण सर्वांत जास्त तिथे ती फाटते.

मुंबईत जुलैचा सरासरी पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेत ८०० मिलीमीटरच्या वर जातो. अशा दमट हवेत माती सावकाश वाळते, आणि सावकाश वाळणं मूर्तीच्या फायद्याचंच असतं. पण चतुर्थी जवळ आली की धीर सुटतो आणि मूर्तीसमोर टेबलफॅन येतो, नाहीतर तिची रवानगी एसीच्या खोलीत होते. पंख्याकडची बाजू आकसते, भिंतीकडची तशीच राहते. त्यापेक्षा पहिले तीन-चार दिवस मूर्तीवर प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला, कानांवर आणि बोटांवर सुती कापडाच्या ओलसर पट्ट्या ठेवा, आणि पाट सकाळ-संध्याकाळ पाव फेरा फिरवत राहा. एवढ्याने पुष्कळ भेगा टळतात. ऊन नको, पंखा नको. मूर्ती चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात घडवायला घेऊ नका. एवढ्या आकाराला वाळायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस सहज लागतात.

आता भेगांकडे वळू. पोटावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसलं तर समजा, पाण्याचा हात जास्त फिरला. गुळगुळीतपणाच्या हौसेने ओलं बोट वारंवार फिरवलं की सर्वांत बारीक कण पाण्याबरोबर वर येतात. वरची साय आतल्या मातीपेक्षा ओली आणि बारीक होते, जास्त आकसते आणि तडकते. सफाई शेवटी करायची, माती घट्ट झाल्यावर, जवळपास कोरड्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने घासून. पाठीवर खोल उभी चीर असेल तर पोट आतून भरीव राहिलंय. नख उमटतं पण बोट रुतत नाही इतकी माती घट्ट झाली की मूर्ती अलगद आडवी करून खालून माती कोरून काढा आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा. बैठकीच्या कडेला भेगा आल्या तर दोष पाटाचा. माती लाकडाला चिकटून बसली, आकसताना तिला सरकता आलं नाही. पाटावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावर मूर्ती घडवली की बैठक कागदासकट आत सरकते. इतका साधा उपाय आहे, पण कार्यशाळेत तो सांगायचा राहून जातो.

गळ्याशी किंवा खांद्याशी सरळ रेघेत आलेली भेग सांध्याची असते. दोन गुळगुळीत भाग नुसते दाबून चिकटवले की ते चिकटल्यासारखे दिसतात, पण कण एकमेकांत मिसळलेले नसतात. दोन्ही बाजूंवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्याच मातीची दाटसर खीर लावायची, मग दाबून किंचित फिरवायचं आणि सांध्यावर मातीची बारीक वळी बसवून ती दोन्हीकडे पसरवायची. तरीही एक गोष्ट हमखास चुकते. धड सकाळी केलेलं असतं आणि हात संध्याकाळी ताज्या मातीचे लावले जातात. तोवर धड थोडं आकसून घेतलेलं असतं, हातांचं आकसणं अजून व्हायचं असतं. जोडताना दोन्हींचा ओलावा सारखा हवा. मातीत पिंजलेला कापूस किंवा कागदाचा लगदा मळून घातला तर तंतू कणांना धरून ठेवतात आणि सांधे जास्त टिकतात.

हाताला किंवा सोंडेला बांगडीसारखी गोल भेग पडली असेल तर आत तार आहे. तार आकसत नाही, भोवतीची माती आकसते, आणि फाटते. ही चूक करणारी माणसं बहुधा मेहनती असतात. त्यांनी शिल्पकाराला तारेच्या सांगाड्यावर माती चढवताना पाहिलेलं असतं. पण त्या शिल्पकाराची माती वाळायची नसतेच. तो ती ओल्या फडक्यांखाली ओली ठेवतो, काम पुरं झालं की तिच्यावरून साचा काढतो, आणि शिल्प उभं राहतं प्लास्टरमध्ये किंवा ब्राँझमध्ये. मूळ माती पुन्हा हौदात जाते. गणपतीच्या कारखान्यातली माती मात्र स्वतःच मूर्ती व्हायची असते, तिला वाळावंच लागतं. दोन्ही विद्या खऱ्या, फक्त एकीचा नियम दुसरीला लावला की माती फाटते.

विनायक पांडुरंग करमरकरांना या दोन्ही विद्या ठाऊक होत्या. अलिबागजवळच्या सासवने गावात १८९१ साली त्यांचा जन्म झाला आणि घरीच गणपती घडत असल्याने मातीचा हात त्यांना तिथेच मिळाला. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी या मुलाचं कसब हेरलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, त्यांचाच. सासवन्याच्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. हौशी माणसाने तिथे एकदा जरूर जावं.

सोंड लोंबणं आणि मागचे हात खाली येणं ही भेग नव्हे, पण मन तेवढंच खट्टू करतं. ओली माती स्वतःचं वजन पेलत नाही. पेण, हमरापूर, जोहेच्या मूर्ती नीट पाहा. घरगुती बैठ्या मूर्तीत सोंड बहुतेक वेळा पोटावर किंवा मोदकाच्या हातावर टेकलेली दिसेल. तो नुसता शोभेचा भाग नाही, तो आधार आहे. अधांतरी वळणदार सोंड पहिल्याच वर्षी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या हातांना आत बांबूची बारीक काडी द्यायची तर तिच्यावर ओल्या कागदाची दोन वेटोळी गुंडाळा, म्हणजे आकसणाऱ्या मातीला दबायला जागा मिळते.

नाक्यावरच्या मूर्तीला भेग का जात नाही, असा प्रश्न मुलं विचारतात. ती पीओपीची असेल तर तिथली प्रक्रियाच वेगळी. प्लास्टर पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, वाळून नव्हे, त्यामुळे ते आकसत नाही. याच कारणाने ते पाण्यात शाडूसारखं विरघळतही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मे महिन्यातल्या सुधारित सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, ती या न विरघळण्यापायीही.

भेग पडलीच तर ओली माती थापू नका. वाळलेली कड आता हलणार नाही, नवी माती मात्र आकसेल आणि सुटेल. वाळलेल्या शाडूची पूड, कागदाचा लगदा आणि थोडं डिंकाचं पाणी एवढंच घट्टसर कालवा, भेगेच्या कडा जेमतेम ओलसर करा आणि हे मिश्रण सुईने आत दाबा. एका वेळी थोडंच. वाळलं की दुसरा थर. रंगाला हात घालण्यापूर्वी मूर्तीची पाठ गालाला लावून बघा. गार लागली तर आतून पाणी अजून उडतंय. त्यावर रंग दिला तर पोपडे येतील, पावसाळ्यात बुरशीही. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी.

आणि मूर्ती अगदीच गेली तर? प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आहे, अपशकुन मानायचं कारण नाही. मात्र ओली असतानाच बादलीत टाकू नका. ओला गोळा पाण्यात दिवसेंदिवस तसाच राहतो. आधी पूर्ण वाळू द्या, मग अक्रोडाएवढे तुकडे करून पाण्यात सोडा. कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी जोराने शिरतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तुकडे बघता बघता ढासळतात. ढवळायचं नाही, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी काढून टाका, गाळ जुन्या सुती चादरीवर पसरा, आणि बोटाला चिकटेनासा झाला की मळून झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. काही आठवड्यांनी डबा उघडल्यावर कुबट वास आला तर माती फेकू नका. मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा जास्त लवचीक असते, आणि सोंडेचं वळण तिच्यात जास्त चांगलं उतरतं.